कोर्लईची सोंड: अर्ध्या तासाचा किल्ला की अख्खा दिवस?

वाटसरू_७७
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आम्ही चौघं (त्यातला एक नऊ वर्षांचा, पाय न थकणारा) अलिबागच्या दक्षिणेला असलेल्या कोर्लई किल्ल्याला जायचं म्हणतोय. मला नुसता वर जाऊन फोटो काढून यायचं नाहीये. समुद्रात घुसलेली ती डोंगराची सोंड गावापासून पार टोकापर्यंत चालायची आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो की दीपगृहाच्या मागनं पायऱ्या चढा, अर्ध्या तासात खाली, आणि मग काशिदच्या किनाऱ्यावर जा. खरंच एवढंच आहे का? उन्हाचं काय आणि टोकाला उतरता येतं का?

गडबड_गड
एवढंच आहे हो. उंची जेमतेम पावणेतीनशे फूट, ट्रेक म्हणायलाही लाज वाटते. सकाळी कोर्लई, दुपारी काशिद आणि संध्याकाळी जंजिरा बघून घरी. आम्ही तर तेच केलं.

खाडीकाठची
गडबड_गड, राग मानू नका पण तुम्ही किल्ला बघितला नाही, शिवून आलात. उंची नाहीच, मजा लांबीत आहे. पाऊण किलोमीटरच्या वर लांब आणि रुंदीला इतका चिंचोळा की काही ठिकाणी मधे उभं राहून दोन्हीकडचे तट दिसतात. पश्चिमेला समुद्राची गाज आणि चार पावलं पूर्वेला सरकलं की खाली कुंडलिकेची खाडी अगदी गप्प, हा फरक कानाला कळतो. आत आडव्या भिंती घालून किल्ल्याचे भाग पाडलेत, प्रत्येक भिंतीला दरवाजा, म्हणजे शत्रू एका भागात शिरला तरी पुढचा भाग त्याला परत लढूनच घ्यावा लागणार. माथ्यावर छप्पर उडालेलं चर्च आहे, पाण्याचं टाकं आहे, छोटं महादेवाचं देऊळ आहे, तोफा पडल्यात. बहुतेक लोक चर्चपासून मागे फिरतात. तुम्ही फिरू नका, उत्तरेला दरवाजे ओलांडत उतरत जा, शेवटी पाण्याला टेकलेला बुरूज लागतो आणि समोर खाडीपलीकडे रेवदंडा. तिथे उभं राहिलं की हे दोन किल्ले जोडीने का होते ते सांगावं लागत नाही, कारण चौल बंदरात शिरणारं गलबत दोघांच्या मधूनच जाणार.

पोर्तुगीजांना निजामशहाने रेवदंड्याला बांधू दिलं 1521 च्या सुमारास, पण कोर्लईचा डोंगर त्यांना 1594 मध्ये लढून घ्यावा लागला. पुढे वसई पडल्यावर 1740 च्या तहात दोन्ही मराठ्यांकडे आले.

शेवाळ_अनुभवी
टोकाबद्दल माझं ऐका. गेल्या वर्षी भरती चढत असताना बुरुजाखालच्या खडकांवर उतरलो, हिरव्या शेवाळावर पाय सटकला आणि आधाराला हात टेकला तो नेमका कालवांवर, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांवर. ती कवचं ब्लेडसारखी असतात, तळहात तीन ठिकाणी कापला आणि वर खारं पाणी, ब्रह्मांड आठवलं. ओहोटीलाच उतरा, चप्पल घालून तर अजिबात नको. पावसाळा नुकताच संपला असेल तर वर गवत कमरेएवढं असतं, त्यात तटाची फट दिसत नाही, पोराला हाताशी ठेवा. आणि सावली म्हणाल तर चर्चच्या भिंतीची, तीही सकाळीच.

वाटसरू_७७
बापरे. ओहोटी कधी ते कसं बघू, ॲपवर?

खाडीकाठची
ॲप कशाला, दारावरचं कॅलेंडर बघा. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते, आमच्याकडे लहान पोरंही तोंडी सांगतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण खडकावर उतरायला पुरतं. पुनव-अवसेच्या पुढेमागे उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं.

शब्दवेडा
सगळे दगडांबद्दल बोलताय, पायथ्याच्या गावाचं कोणीच नाही! उतरल्यावर गावात तासभर काढा. पोर्तुगीज सत्ता गेली पण इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली राहिली, अजून साधारण हजारेक लोक बोलतात. ते तिला नौ लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी, त्यामुळे कानाला चाल आपली लागते आणि अर्थ मात्र लागत नाही, मी माउंट कार्मेल चर्चबाहेर दोन आज्यांचं बोलणं ऐकत वेड्यासारखा उभा होतो. त्यांनी मग मला स्वच्छ मराठीत विचारलं, काय हरवलंय का बाळा.

मोबाईल तोंडासमोर धरून मात्र "बोलून दाखवा" म्हणू नका, वाईट दिसतं.

गडबड_गड
बरं बाबा, हरलो. एक मात्र माझ्याकडूनही घ्या, दुर्बीण न्या. दीपगृहावर फिरत होती ती घार म्हणून मी सोडून दिली, फोटो मोठा केला तर पोट पांढरंशुभ्र आणि शेपूट पाचरीसारखी. समुद्र गरुड निघाला.

वाटसरू_७७
सगळ्यांचे आभार. रविवारी षष्ठी आहे, सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाला, बरोबर ना? मग आठला पायऱ्या चढतो, दहाला टोकावर, ऊन तापायच्या आत परत चर्चच्या भिंतीशी आणि दुपारी गावात. काशिद रद्द, पोराला अजून सांगितलेलं नाही.

खाडीकाठची
हिशोब बरोबर. पण साडेदहाला पाणी तळाला जातं ना, मग तुम्ही दहाच्या थोडं आधीच पोचा, उतरतं पाणी बरं. आणि पोराला खडकातल्या डबक्यांतले खेकडे दाखवा, काशिद आठवणार नाही त्याला.