ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: रिमॅपनंतर स्पार्क प्लग ६ नंबरचे की ७ नंबरचे?

घाटवेडा
मंडळी, गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, मूळ १५० बीएचपीची. सध्या स्टेज १ रिमॅप (पार्ट तेच, फक्त ईसीयूचा म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदललाय), टर्बो मूळचाच, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) १ बारला टेकतं. चौथ्या गिअरला ४००० च्या पुढे पूर्ण दाबली की झटके मारते. स्कॅनरवर पी०३०० आणि पी०३०२, म्हणजे मिसफायर (ठिणगी चुकून मिश्रण न पेटणं): एक सर्वसाधारण, एक २ नंबर सिलिंडरचा. निवांत चालवली तर काहीच त्रास नाही. आत एनजीकेचे पीएफआर६क्यू आहेत, बरेच चाललेले. गॅरेजवाला म्हणतो इरिडियमचे ८ नंबर टाका, विषय संपला. वापर रोजचा, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये; अधूनमधून ताम्हिणी. पेट्रोल ९५ ऑक्टेन. काय टाकू आणि गॅप (प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) किती ठेवू?

नट_बोल्ट
८ नंबर अजिबात नको. तुमच्या तक्रारीचा प्लगच्या नंबराशी संबंध नाही, गॅपशी आहे. किंवा कॉइलशी (प्रत्येक प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारा भाग).

बूस्ट वाढलं की सिलिंडरमधली हवा जास्त दाटते, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. जुन्या प्लगचे इलेक्ट्रोड झिजून गॅप ०.८ चा ०.९ किंवा १ मिमी झालेला असतो. कमी बूस्टला ठिणगी पडते, पूर्ण दाबली की पडत नाही. म्हणून झटके फक्त वरच येतात.

आधी हे करा: २ नंबर सिलिंडरची कॉइल ३ वर लावा, ३ ची २ वर. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लग बघा. प्लगच्या खड्ड्यात तेल आहे का तेही पाहा. या इंजिनात व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतं, तेल कॉइलच्या रबरी बुटाला खातं आणि ठिणगी बाजूनेच अर्थ होते. अशा वेळी सोन्याचे प्लग टाकले तरी मिसफायर राहणार.

आता नंबर, म्हणजे प्लग टोकाची उष्णता किती लवकर सोडतो त्याचं माप. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२. थंड प्लगने इंजिन थंड होत नाही. फक्त प्लगच्या टोकाची उष्णता हेडमध्ये लवकर जाते. एका नंबराने टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी उतरतं. टोक ४५० अंशांच्या वर राहिलं तरच काजळी जळून जाते, आणि ८०० च्या पुढे गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटायचा धोका. ८ नंबर घालून सिग्नलला उभे राहिलात तर प्लग काजळून काळे होतील आणि मिसफायर खालच्या आरपीएमलाही सुरू होईल.

माझं मत: एनजीकेचे बीकेआर६ई, गॅप ०.७ मिमी. साधे, तांब्याच्या गाभ्याचे, स्वस्त. दर १०-१५ हजार किमीला बदलायचे, बस.

टर्बोभाऊ
गॅपबद्दल शंभर टक्के सहमत, नंबराबद्दल नाही. ताम्हिणीत तिसऱ्या गिअरला सलग बूस्टवर चढणाऱ्या गाडीला ७ च बरा. वरकड ७५-१०० बीएचपीमागे एक नंबर थंड हा ठोकताळा मलाही माहीत आहे, आणि स्टेज १ त्यात बसत नाही. पण तो ठोकताळा आपल्या एप्रिल-मेच्या उन्हासाठी आणि छोट्या मूळ इंटरकूलरसाठी (टर्बोची गरम हवा गार करणारा रेडिएटर) केलेला नाही. के०४ (मूळपेक्षा मोठा) टर्बो टाकलात तर मग चर्चाच नको, ७ लागणारच.

अंदाजापेक्षा लॉग घ्या. व्हीसीडीएसमध्ये (या गाड्यांचं लॅपटॉपवरचं स्कॅनर सॉफ्टवेअर) ब्लॉक ०२० ला चारही सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, किती मागे ओढलं जातंय ते दिसतं, ०१५ आणि ०१६ ला मिसफायरची मोजणी. अधूनमधून ३ अंश ओढले तर चिंता नाही. ६ च्या पुढे सतत जात असेल तर नॉकिंग (मिश्रण आपोआप फुटून ठोके बसणं) आहे. तेव्हा आधी मॅप आणि पेट्रोल तपासा. १०० ऑक्टेनसाठी लिहिलेला मॅप ९५ वर चालवला तर कुठलाच प्लग वाचवणार नाही. काढलेल्या प्लगच्या पोर्सलीनवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी दाबणं तिथेच थांबवा.

घाटवेडा
कॉइल अदलाबदल केली, कोड २ वरच राहिला. प्लगचा गॅप ०.९५ निघाला, पोर्सलीन स्वच्छ, खड्डा कोरडा. लॉगमध्ये जास्तीत जास्त ३ अंश. म्हणजे ६ च ना? आणि दुकानात बीकेआर६ई-११ देतायत, चालतील?

नट_बोल्ट
हो, ६. पण -११ घेऊ नका. त्या ११ चा अर्थ गॅप १.१ मिमी. तो ०.७ पर्यंत दाबला की बाजूचा इलेक्ट्रोड तिरका बसतो आणि ठिणगी कडेवरून उडते. मागे आकडा नसलेले मागा. कोडमधला आर मात्र हवाच, तो रेझिस्टरचा. बिनारेझिस्टरचा प्लग ईसीयूला त्रास देतो.

गॅप तारेच्या गेजने मोजा. नाण्यासारखं गोल गेज मधल्या इलेक्ट्रोडवर टेकवून उचकटू नका. इरिडियमचं टोक ०.६ मिमीचं असतं, लगेच तुटतं. इरिडियमचा गॅप ०.२ मिमीपेक्षा जास्त हलवायचा नाही.

टर्बोभाऊ
बसवताना इंजिन गार हवं. प्लग काढण्याआधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर वाळू थेट सिलिंडरमध्ये. पहिले आटे हातानेच. प्लगच्या मागे रबरी नळी अडकवून फिरवा, आटे चुकले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. शेवटी टॉर्क रेंचने ३० एनएम, कोरडे आटे. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावू नका. प्लगला आधीच प्लेटिंग असतं, आणि वंगणामुळे त्याच ३० ला प्लग जास्त आवळला जातो. रेंच नसेल तर वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा फेरा.

नकली माल भरपूर आहे. वॉशर बोटाने सहज निघून आला, किंवा चारही प्लगचे गॅप वेगवेगळे भरले, तर तिथेच परत करा.