ऑक्टोबरात न्यू जर्सीला भोपळ्याच्या शेतावर जावं का?

बडोदेकर_काकू: आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला चाललोय, ती म्हणते आई एक शनिवार भोपळे तोडायला शेतावर जाऊ. आता खंडेराव मार्केटात फोड घेतानासुद्धा घासाघीस करणारी मी, तिकडे तिकीट काढून शेतात जायचं? यांचे गुडघे पण दुखतात. आणि तो भोपळा खाता तरी येतो का?

एडिसनची_सून: काकू जाच. फक्त शनिवार नको, ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतं, भोपळे कोरून आत दिवा लावायचा तिकडचा सण, त्याआधीच्या वीकेंडला पार्किंगसाठीच रांग. बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसवून नेतात, काकांना चालणं कमी. जुने बूट घाला, पाऊस झाला असेल तर नुसता चिखल असतो.

खवय्या_मांजलपूर: ते मोठे केशरी कोरायचे, खाता येतात पण पाणचट अन् रेषाळ, चवीच्या नावाने बोंब. छोटे 'पाय पंपकिन' (pie pumpkin, गोड पदार्थांसाठीचे भोपळे) मागा, गर घट्ट आणि गोड, घारगे झकास होतात. नख रुतलं नाही म्हणजे तयार झालाय. देठ ठेवून कापा, पण देठाला धरून उचलू नका, तो मोडला की तिथूनच सडायला लागतो. अख्खा असेल तर थंड कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज राहतो, कोरलेला आठवड्यात मान टाकतो.

बडोदेकर_काकू: घारगे म्हटल्यावर हे लगेच तयार झाले बघा! गूळ तिकडे मिळतो ना?

एडिसनची_सून: हो, इंडियन ग्रोसरीत ढीगभर. बिया टाकू नका हं, मीठ लावून ओव्हनमध्ये भाजा.