अनुभव धागा : साखळी-अद्भुतकथेतली कुळं उभी कशी करायची, चार पिढ्या पुढं न्यायची कशी?

चार-पाच जणांनी मिळून अद्भुतकथा लिहायला घेतली की पहिल्या महिन्यात कुळं भराभर जन्मतात, झेंडे रंगतात आणि सहाव्या प्रकरणापर्यंत सगळी एकाच सुरात बोलायला लागतात. ज्यांनी असं लेखन नेटानं चालवलंय त्यांनी आपली पद्धत इथं लिहावी. आकडे, नियम, कुठं फसतं ते. कौतुकसोहळा नको.

धान्यकोठार
झेंड्याआधी जेवण ठरवा. ४०० माणसांचं कुळ म्हणजे साधारण ८० चुली. माणशी वर्षाला २०० किलो धान्य धरलं तर ८०० क्विंटल लागतं. जिरायती ज्वारी एकरी २ क्विंटल धरा, म्हणजे ४०० एकर झाले. राजा तिसरा हिस्सा नेत असेल तर ६०० एकर हवेत. लढू शकणारे पुरुष फार तर १००, आणि पेरणीच्या दिवसांत त्यातले निम्मेही बाहेर काढता येत नाहीत. एवढं गणित मांडलं की 'दहा हजारांची फौज' आपोआप गळून पडते. शिवाय लोहार कोण, मीठ कुठून येतं, घोड्यांना दाणा कोण घालतं, हेही विचारा. नुसत्या योद्ध्यांचं कुळ पहिल्याच पावसाळ्यात उपाशी मरेल.

पुढच्या पिढ्यांचं बीजही जमिनीतच असतं. १०० एकरांच्या घरात दर पिढीला दोन मुलगे जगले तर चार वाटण्यांनंतर एकेकाच्या वाट्याला सव्वासहा एकर उरतात. मग थोरली पाती गावात राहते, धाकटी पाती डोंगरापलीकडे नवं गाव वसवते, नाहीतर भाऊबंदकी पेटते. वेगळा खलनायक शोधावा लागत नाही.

देवकवाला
सोयरीक आधी ठरवा, जादू नंतर. आपल्याकडं एक देवक (कुळाचं पूज्य चिन्ह) असलेल्यांत लग्न होत नाही, मोऱ्यांचं मोराचं पीस तर साळुंख्यांचं साळुंकीचं. हाच नियम कथेत घेतला की प्रत्येक कुळाला मुली बाहेर द्याव्याच लागतात आणि बाहेरून आणाव्याच लागतात. आता जादू आईकडून उतरते असं धरा. मग जे कुळ आपली विद्या जिवापाड जपतं, तेच ती दर पिढीला वरातीबरोबर शत्रूच्या घरी पाठवतं! जादू बापाकडून उतरते असं ठरवलं तर ही गंमत जाते आणि नुसते वारसांचे खून उरतात. विद्या अंगी असलेली माणसं चाळिसात एकच ठेवा, ४०० च्या कुळात दहा. त्याहून जास्त झाली की लोहाराला कोणी विचारत नाही.

बखरबहाद्दर
सगळ्यात मोठा घोळ 'खरं काय घडलं' याचा असतो. एक लेखक लिहितो खिंड जाळली, दुसरा लिहितो सोडून दिली. यावर मराठी कागदपत्रांतच उपाय सापडतो. जेध्यांच्या घराण्याची शकावली आहे आणि करीनाही आहे. शकावलीत मितीवार नोंदी, तर करीन्यात घराण्याच्या वतनाची, हक्काची हकिकत.

कथेसाठीही दोन्ही ठेवा. शकावली एकच आणि सामायिक: एका शीटमध्ये साल, ठिकाण, कोण मेलं, जमीन कुणाकडं गेली. एका घटनेला एकच ओळ, विशेषणं बंद. ती ओळ बदलायची तर सगळ्या लेखकांचा होकार हवा. करीना मात्र प्रत्येक कुळाचा स्वतंत्र, आणि त्यात बिनधास्त खोटं बोलावं. शकावलीत 'खिंड जळाली' एवढंच असतं. एका करीन्यात ती विश्वासघातानं जळते, दुसऱ्यात शापानं. कुळांचा आवाज वेगळा होतो तो इथं, बोलीचे तीस शब्द कोंबून नव्हे. तीन-चार शब्द आणि एक शपथ पुरे.

वाद निवाड्यापर्यंत आला तर गोतसभा (गोतातल्या मंडळींची निवाडा करणारी सभा) भरवा आणि महजर, म्हणजे तिचा लेखी निवाडा, लिहा. त्यावर प्रत्येकाची निशाणी, शेतकऱ्याचा नांगर, तशी. त्या महजरातली एक ओळ शकावलीत जाते आणि विषय तिथं संपतो.

दोन फासे
भविष्य आधी ठरवून टाकलं की मधली वीस प्रकरणं हमाली होते. सगळं मोकळं सोडलं तर प्रत्येक जण आपलं कुळ जिंकवतो. मधला मार्ग असा: दर हंगामाआधी (कथेच्या नव्या भागाआधी) प्रत्येक पालकानं, म्हणजे कुळ सांभाळणाऱ्या लेखकानं, आपल्या कुळासाठी हवा असलेला एक शेवट आणि भीती वाटणारा एक शेवट लिहून द्यायचा. मोठ्या प्रसंगी दोन फासे टाकायचे. बेरीज २ ते ४ आली तर भीती खरी, १० ते १२ आली तर इच्छा पुरी. प्रत्येकाची शक्यता सहात एक. उरलेल्या वेळी काम होतं, पण किंमत मोजून, आणि ती किंमत शेजारच्या कुळाचा लेखक ठरवतो. फासे कुळाच्या नशिबासाठीच. एखादं पात्र मारायचं तर त्याच्या लेखकाला विचारूनच.

कोपऱ्यातली दौत
@दोन फासे, भाकितांबद्दल राहिलं. 'सातवा वारस राज्य बुडवील' हे तिसऱ्या प्रकरणात लिहिलं की सातव्या वारसापर्यंत सगळे लेखक बांधले जातात. भाकीत कुळाच्या करीन्यातच ठेवा, शकावलीत कधीच नको. म्हणजे खोटं ठरायची मुभा राहते.

धान्यकोठार
१०० वर्षांची उडी मारताना लोकसंख्या वर्षाला एक टक्का वाढवा: ४०० चे साधारण १०८०. जमीन तेवढीच ठेवा. पुढचा हंगाम तयार.

बखरबहाद्दर
आणि लेखक गळतातच, त्याची सोय पहिल्याच दिवशी करा. प्रत्येक कुळाला पालक आणि जोडपालक हवेत. एक पाळी ८०० ते १२०० शब्दांची, मुदत १० दिवस. २१ दिवस काहीच आलं नाही तर कुळ जोडपालकाकडं. तोही नसेल तर कुळ मारू नका, मोडा. माणसं शेजारच्या तीन कुळांत आश्रित म्हणून वाटून द्या, जुनं देवक सांभाळतील अशी अट घालून. मूळ लेखक वर्षानं परतला तर त्याला हक्क सांगायला तीन दारं मिळतात, आणि तिन्ही घरं कुरकुरतात.