आईला घेऊन सौराष्ट्रचा किनारा: मार्ग सुचवा

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात तीन आठवडे बडोद्याला येतेय. आईचे गुडघे फार दुखतात, पण गाडीत बसली की ती खुशीत असते. दादाची गाडी आहे, आलटून पालटून चालवू. सहा दिवसांत दीव, सोमनाथ, द्वारका असं बसवलंय. हजीऱ्याहून घोघ्याला गाडीसकट बोटीनं जावं का? निवांत, गर्दी नसलेलं हवंय.
— टोरांटोहून, मूळची रावपुऱ्याची

---

अगं, द्वारका यातून काढ. सहा दिवसांत ती घातलीस तर आई फक्त रस्ता बघेल.

बोट सुरतकरांच्या सोयीची. २०२० च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली तेव्हा ३७० किलोमीटरचा फेरा ९० किलोमीटरच्या पाण्यावर आला, पण तो त्यांचा. आपण आधी खाली हजीऱ्याला उतरायचं आणि मग चारेक तास पाण्यात, त्यात काय वाचलं? वासद, तारापूर, वटामण, धोलेरा असं गेलं की भावनगर दोनशे किलोमीटरच्या आसपास. पहिला मुक्काम तिथेच कर.

आणि कोळियाक चुकवू नकोस. निष्कलंक महादेव भर समुद्रात आहे. खंभातच्या आखातात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, म्हणून तिथे दिवसाचा बेत पाण्याच्या वेळेवर बांधावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा भरती होती. नुसता ध्वज दिसत होता, खाली सगळं पाणी. हिचेही गुडघे तुझ्या आईसारखेच, म्हणून किनाऱ्यावर बसून राहिलो. तास दीड तासात खांबाचा ओला काळा भाग वर येऊ लागला, मग चौथरा, मग मधला चिखल, त्यावर बारीक खेकड्यांची धावपळ. लोक चपला हातात घेऊन निघाले. मी जाऊन आलो. चौथऱ्यावर शेवाळ आहे, आईला नेऊ नकोस. पण ही आजही त्या दोन तासांबद्दलच बोलते. अमावास्या-पौर्णिमेजवळचे दिवस धर, तेव्हा पाणी जास्त मागे हटतं. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी भावनगरातच 'ओट केटला वागे?' असं विचारून ठेव.

पुढे तळाजा, गोपनाथ, महुवा. गोपनाथला देवळामागे समुद्र आहे आणि दुपारी चिटपाखरू नसतं.

दीवहून सोमनाथला जाताना कोडिनारला थांब, ही माझी मनापासूनची विनंती. ते आपल्या गायकवाडी राज्यातलं गाव. माझे आजोबा तिथे वहिवाटदार कचेरीत कारकून होते. उन्यापासून पुढे नारळीच्या वाड्या लागतात, त्या पट्ट्याला लीली नाघेर म्हणतात. आजोबा म्हणायचे, बदली झाली तेव्हा आजी रडली आणि परतीची बदली झाली तेव्हाही रडली. तिथून मूळद्वारकेच्या किनाऱ्यावर जा, द्वारकेचं पुण्यही पदरात पडेल.
— दांडिया बाजारहून काका

---

काकांच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त दीवचे दिवस सांभाळ. शनिवार-रविवारी तिथे मुक्काम नको. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही, त्यामुळे सुटीच्या रात्री कसा गोंधळ असतो ते आम्ही एका हॉटेलात पहाटे तीनपर्यंत जागून सोसलंय. सासूबाई आजारी पडल्या. मंगळवार-बुधवारी तेच दीव इतकं शांत असतं की किल्ल्याच्या तटावर लाटांशिवाय काही ऐकू येत नाही. किनाऱ्यासाठी नागवाऐवजी घोघल्याला जा, वाळू सपाट आहे, काकूंना काठी टेकत चालता येईल.

राजुला, जाफराबादच्या बाजूला अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. तिथे सिंह आता पार किनाऱ्यापर्यंत आलेत, आणि नीलगाय तर कुठेही आडवी येते.

येताना अमरेलीवरून या. सयाजीरावांनी सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये तिथेच केला. काकू शिक्षिका होत्या ना? त्यांना आवडेल.
— मांजलपूरहून ताई

---

काका, ताई,
द्वारका काढली, सहाचे सात दिवस केले. सोमवारी निघू, म्हणजे दीव आठवड्याच्या मधे येईल. फोनवर आईला कोळियाकचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाणी ओसरेपर्यंत मी बसेन, मला घाई नाही. आता पंचांग घेऊन अमावास्येजवळचा सोमवार शोधतेय. कुणाकडे पाठीची घडीची खुर्ची असेल तर कळवा, आठवडाभरासाठी हवी आहे. येऊन घेऊन जाईन.