गोठ्यात मांजर की उंदराचं औषध?

बांधकरी:
जुन्नर-शिरूरच्या ऊसपट्ट्यात ज्यांचं धान्य गोठ्याला लागून आहे, त्यांनी नसबंदी केलेली दोन मांजरं पाळावीत. झिंक फॉस्फाइडचं आमिष (९६ भाग भरड, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध) एक-दोन रात्री चालतं. थोडं चाखून वाचलेला उंदीर त्याला पुन्हा तोंड लावत नाही. आणि उपाशी मांजर जास्त शिकार करतं हा गैरसमज सोडा. पोटाला मिळालं नाही तर ते दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतं.

कोठीवाला:
पटलं नाही. मांजर उंदराची पिल्लं धरतं, अंगावर आलेल्या मोठ्या घुशीपुढे मागे सरतं. चिचुंद्री मारतं आणि तशीच टाकतं. वर बिबट्याचं काय? अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत जास्त कुत्री निघाली, पण मांजरंही होती. त्यापेक्षा पत्र्याची कोठी घ्या, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड फूट लांब ठेवा. उंदराच्या पिल्लाला १२ मिलिमीटरची फट पुरते, म्हणून भोकं काचा घातलेल्या सिमेंटनं बुजवा.

बांधकरी:
कोठी हवीच, वाद नाही. पण कडब्याची गंजी कोठीत कशी घालणार? बिबट्यावर उपाय वेळेचा आहे. खाणं फक्त दिवेलागणीला आणि बंद खोलीतच द्या. आठवड्याभरात मांजर त्या वेळेला आपण होऊन आत येतं, मग दार लावायचं. खिडकीला अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, कोंबड्यांची जाळी कुत्रं फाडतं. मांजरांना धोका मोकाट कुत्र्यांचाही असतो. दिवसा पळून चढायला गोठ्याच्या खांबाला काथ्या गुंडाळा आणि सहा फुटांवर फळी ठोका. नवीन मांजर तीन आठवडे कोंडून ठेवा, नाहीतर जुन्या जागेच्या शोधात निघून जातं.

शेळीवाली:
दादा, शेळ्या असतील तर थोडं थांबा. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पेंडीत-वैरणीत गेला की शेळी गाभडते. गाई-म्हशींना तो सहसा एवढा बाधत नाही. पहिल्यांदाच शिकार करू लागलेलं पिल्लू सर्वांत धोक्याचं, म्हणून मोठं मांजर आणा. पेंड झाकलेल्या पिंपात ठेवा, विष्ठा रोजच्या रोज उचला, एक दिवसानंतर ती संसर्गजन्य व्हायला लागते. गोचिडाची फवारणी केली की जमीन पूर्ण वाळेपर्यंत मांजर बाहेर ठेवा. पर्मेथ्रिनसारखी औषधं त्याच्या शरीराला पचत नाहीत, आचके येतात.

कोठीवाला:
ताईंनी माझीच बाजू मांडली! एवढी उस्तवार करण्यापेक्षा ब्रोमाडिओलोनची (रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध) वडी ठेवली की काम झालं.

बांधकरी:
मांजर असेल तर ती वडी अजिबात नको. ती वडी खाल्लेला उंदीर चार-पाच दिवस सुस्त फिरतो आणि मांजर नेमका तोच धरतं. मांजराच्या हिरड्यांतून रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, व्हिटॅमिन के-१ लागतं. झिंक फॉस्फाइडवर तर उताराच नाही. मांजर किंवा औषध, एकच निवडा.

कोठीवाला:
मग मी कोठीच निवडतो. गंजीपुरतं तुमचं मांजर चालेल.