सणाचं जेवण आणि राजकारण

सणाच्या पंगतीत राजकारणाचा विषयच नको, असा नियम काही जण सुचवतात; मला तो पटत नाही. २०२४ ची दिवाळी आठवा. भाऊबीज ३ नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान २० ला. शिवसेना, राष्ट्रवादी दोन्ही फुटलेल्या. पवार कुटुंबाचा पाडवाही त्या वर्षी शरद पवारांचा गोविंदबागेत आणि अजित पवारांचा काटेवाडीत असा वेगवेगळा झाला. अशा दिवसांत तोंडं मिटून जेवायला बसलं, तरी कुणीतरी वाढता वाढता टोमणा मारतोच.

आमच्याकडे काका आणि आतोबा उघड वाद घालतात, पण मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून. खरी आग फॉरवर्डमुळे लागते. ‘हे वाच’ म्हणून स्क्रीन पुढे केली की समोरचा आपला माणूस राहत नाही, नुसता पक्ष उरतो. मोबाईल नसला की गाडी आपोआप सोयाबीनवर येते. २०२४ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून कमी, यावर दोघंही सारखेच तळमळले. जातीधर्मावर कुणी घसरलं, तर मात्र आत्या ‘अहो, बास’ म्हणते आणि विषय तिथेच थांबतो.

आणि नव्या सुनेला किंवा जावयाला ‘तुम्ही कुणाचे?’ हे कृपा करून विचारू नका. त्यांना उत्तर टाळताही येत नाही.