गुऱ्हाळावर चित्रित केलेला विद्यार्थी लघुपट : निर्मितीत कुठे चुकले?

प्रश्न

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रकल्प म्हणून आम्ही सात जणांनी १२ मिनिटांचा लघुपट केला असून त्याच्या निर्मितीची बाजू मी सांभाळली. कथा कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर घडते. म्हातारा गुळव्या (गूळ बनवणारा कारागीर) आणि शहरातून परतलेला त्याचा मुलगा यांच्यातले एका रात्रीचे बोलणे, एवढाच तिचा विषय आहे. एकूण ४२,००० रुपये खर्च झाले आणि चित्रीकरण ठरल्याप्रमाणे तीन दिवसांत संपले, त्यामुळे परतताना आम्ही समाधानी होतो.

संकलनाला बसल्यावर मात्र ऊस पिळणाऱ्या चरक्याच्या मोटरीच्या घरघरीत बापलेकाचे निम्मे संवाद बुडाल्याचे लक्षात आले. काहिलीतला (रस उकळायच्या मोठ्या कढईतला) पाक वाफ्यात (तो थंड करायच्या पसरट हौदात) ओततानाचे दृश्य, ज्यावर सगळा शेवट उभा आहे, ते एकाच कोनातून मिळाले असून त्यातही लेन्सवर वाफ धरली आहे. शिवाय ट्यूबलाइटच्या उजेडातल्या प्रसंगांत आडवे पट्टे सरकताना दिसतात. हाताशी आता ६,००० रुपये उरले आहेत. यातले काय दुरुस्त होऊ शकेल आणि मी आधीच काय ठरवायला हवे होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (ध्वनिमुद्रक)

मोटरीची एकसारखी घरघर सॉफ्टवेअरने बरीच कमी करता येते, पण फार ओढून काढली तर माणसाचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा दोन्ही नटांना घेऊन त्याच गुऱ्हाळावर, चरका बंद असेल त्या वेळी, संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावेत. स्टुडिओचा आग्रह धरू नये, कारण त्या पत्र्याच्या छपराखाली आणि चिपाडांच्या ढिगाशेजारी आवाजाला जो पोत येतो, तो बंद खोलीत मिळणार नाही. नटाने आपलेच जुने वाक्य हेडफोनवर ऐकावे आणि लगेच त्याच लयीत तीन वेळा म्हणावे. त्यानंतर सर्वांनी स्तब्ध राहून तिथली नुसती शांतता दोन मिनिटे मुद्रित करावी, आणि चरका सुरू झाल्यावर त्याचाही आवाज स्वतंत्र घ्यावा, म्हणजे संकलनात तो संवादांखाली हवा तेवढाच ठेवता येईल.

आधी काय करायला हवे होते, हे तुम्ही विचारले आहे. जागा पाहायला आपण कॅमेरा घेऊन जातो आणि चौकट कशी दिसते, एवढेच पाहून परततो. ज्या वेळी चित्रीकरण करायचे त्याच वेळी तिथे डोळे मिटून दहा मिनिटे उभे राहिले असते, तर मोटर तेव्हाच ऐकू आली असती. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला जागेच्या पहिल्या भेटीला न नेणे ही विद्यार्थी लघुपटांतली मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे.

उत्तर २ (निर्मिती व्यवस्थापक)

माझे बालपण गुऱ्हाळाशेजारीच गेले, म्हणून ओतण्याच्या दृश्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. एक आदण (काहिलीत एका वेळी उकळणारा रस) उतरायला अडीच-तीन तास लागतात. पाक झाला की नाही हे गुळव्या तो पाण्यात टाकून, बोटांनी गोळी वळून ठरवतो, आणि ती जमली की त्याला क्षणाचीही उसंत नसते, कारण पाक पुढे गेला तर गूळ बिघडतो. तो ‘ॲक्शन’ची वाट पाहणार नाही आणि त्याने पाहूही नये. तुमचे वेळापत्रक दृश्यांच्या क्रमाने आखलेले असणार, ते आदणांच्या क्रमाने आखायला हवे होते: पहिल्या आदणाला कॅमेरा न लावता नुसते निरीक्षण, दुसऱ्याला एक बाजू, तिसऱ्याला दुसरी, आणि मधल्या वेळात बाकीची किरकोळ दृश्ये.

लेन्सवर वाफ धरते, कारण काच सभोवतालच्या दमट हवेपेक्षा थंड असते. कॅमेरा अर्धा-पाऊण तास आधीच काहिलीखालच्या चुलवाणाच्या (भट्टीच्या) बाजूला, ऊब लागेल पण धग लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवावा. पुढच्या वेळी अंदाजपत्रकातली किमान दहा टक्के रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवा आणि कितीही मोह झाला तरी ती जादा लेन्सच्या भाड्यावर खर्चू नका. हंगाम संपून चुलवाण थंड होण्याआधी जाऊन या.

उत्तर ३ (छायाचित्रणाचा माजी विद्यार्थी)

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास पट्टे येत नाहीत. सेकंदाला २४ चौकटी घेत असाल तर शटरचा कोन १७२.८ अंश (म्हणजेच १/५० सेकंद) ठेवावा. आता चित्रित झालेले पट्टे सॉफ्टवेअरने काही अंशी पुसता येतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज गुऱ्हाळाच्या मालकांशी फोनवर बोलले. रात्री नऊनंतर चरका बंद असतो, तेव्हा संवाद घेता येतील. मुलाचे काम करणाऱ्या मित्राने केस कापले आहेत, पण त्याचा केवळ आवाज हवा असल्याने अडचण नाही, आणि ओतण्याच्या दृश्यात मुळातच तिथल्या खऱ्या गुळव्यांचे हात आहेत. माइकचे भाडे, प्रवास आणि जेवण ६,००० रुपयांत बसते. गुळव्यांनी एकच अट घातली आहे: गेल्या वेळी आमचा ट्रायपॉड त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत होता, तो या वेळी काहिलीच्या पलीकडच्या बाजूला लावायचा.